ठेका एकाचा, नाव दुसऱ्याचे



'आवारा' हा चित्रपट १९५१ साली आला. त्यातले 'घर आया मेरा परदेसी' हे गाणे ठाऊक नाही असे घर आपल्या वस्तीत सापडायचे नाही. गाणार कोण? लता मंगेशकर. संगीत कोणाचे? शंकर-जयकिशन. पडद्यावर राज कपूर आणि नर्गिस. थोडे अधिक वाचणारा सांगेल की गीत शैलेंद्रचे, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कवीचे. इथपर्यंत सगळे पास. आता पुढचा प्रश्न. ज्या ढोलकावर घरातली पोरे ताटे आणि डबे बडवायला लागतात, तो ढोलक कोणी वाजविला?

आम्ही हा प्रश्न अनेकांना विचारून पाहिला. चाळीस वर्षे रेडिओ ऐकणारे गप्प बसले. उत्तर आहे, लाला गंगावणे. अस्सल मराठी आडनाव. ते चित्रपटाच्या पाटीवर नव्हते आणि तबकडीवरही नव्हते. ते नाव टिकले ते बरोबर वाजविणाऱ्यांच्या तोंडी. त्यांनी ते पुढच्याला सांगितले, पुढच्याने त्याच्या पुढच्याला.

दुसऱ्याच्या गाण्यासाठी रेकॉर्डिंगला जायचे, शिफ्टप्रमाणे वाजवायचे, पैसे घ्यायचे आणि घरी यायचे, असे आयुष्य काढणाऱ्या वादकाला त्या धंद्यात 'सेशन'चा वादक म्हणतात. जगात सगळीकडे हे लोक आहेत. ब्राझील देशातल्या रिओ दि जानेरो शहरात १९४८ साली जन्मलेला पाउलिन्यो दा कोस्टा हा त्यांतला एक मोठा माणूस. १९७०च्या दशकात तो सर्जिओ मेंडिसच्या ताफ्याबरोबर अमेरिकेत गेला आणि तिथे स्टुडिओतला तालवादक झाला. डफ, खुळखुळे, घंटा, काँगो, जे हातात द्याल ते वाजविणारा. आपल्या पोरांनी ज्याची पोस्टरे भिंतीवर लावली त्या मायकल जॅक्सनच्या १९८२ सालच्या 'थ्रिलर'मध्ये त्याचा हात आहे. मॅडोनाच्या गाण्यात आहे. आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी १९८५ साली अमेरिकेतल्या गायकांनी मिळून जे गाणे केले, त्यातही आहे. परंतु आम्हाला सांगायचे आहे ते वेगळेच. ही सगळी माहिती आपल्याला मिळते कशी? रेकॉर्डच्या पाकिटावर त्याचे नाव छापलेले आहे म्हणून. तिथल्या वादकांच्या युनियनचा कंपन्यांशी करार आहे. त्या कराराप्रमाणे रेकॉर्ड कंपन्यांना एका फंडात पैसे भरावे लागतात आणि त्यातून वाजविणाऱ्याला शिफ्टच्या मजुरीवर आणखी काही रक्कम नंतरच्या वर्षांतही मिळते. तिथे सगळे सोन्याचे आहे असे नाही. पण नाव छापले जाते, आणि नावाला धरून पैसा येतो.

आता आपल्या माणसाकडे येऊ. दत्ताराम वाडकर. जन्म १९२९, गोव्याचा. १९४२च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले. पोराने हाताला काही विद्या लावून घ्यावी हा ध्यास आईचा, आणि तिच्यामुळेच दत्ताराम पंढरीनाथ नागेशकर यांच्याकडे तबला शिकू लागले. नागेशकरही गोव्याचेच आणि मोठे उस्ताद. घरातल्या आईने ओळखले की पोराच्या बोटांत काही आहे. आपल्याकडे अजूनही 'तबला बडवून पोट भरणार काय?' असे विचारणारे वडीलधारे कमी नाहीत. त्या काळी तर विचारायलाच नको.

शंकर-जयकिशन जोडीतले शंकर हे तेव्हा पृथ्वी थिएटरमध्ये तबला वाजवीत आणि व्यायामाचेही शौकीन होते. त्या व्यायामशाळेच्या ओळखीतून दत्ताराम त्यांच्या जवळ आले. १९४९ साली 'बरसात'मधून शंकर-जयकिशन संगीतकार म्हणून उभे राहिले आणि दत्ताराम त्यांच्या तालाच्या बाजूस लागले ते लागलेच. पुढे त्या ताफ्यात दोन सहाय्यकांची नावे पाटीवर येऊ लागली, दत्ताराम आणि सेबॅस्टियन. सेबॅस्टियन डिसोझा हेही गोव्याचे. व्हायोलिन, ट्रम्पेट वगैरेंचे सूर कागदावर मांडून वादकांच्या पुढ्यात ठेवायचे काम त्यांचे, आणि ताल सांभाळायचे काम दत्तारामांचे. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर दोघे दोन खात्यांचे फोरमन. मालकाच्या डोक्यात काय आहे ते ओळखून माल बाहेर काढणारे.

त्या काळचे रेकॉर्डिंग कसे चाले हे कळल्याशिवाय या कामाची किंमत कळत नाही. आज गायक एका दिवशी येतो, ढोलकवाला दुसऱ्या दिवशी येतो, आणि मशीन ते सगळे जोडून देते. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबईत तसे नव्हते. शंकर-जयकिशनच्या मोठ्या गाण्याला सत्तर-ऐंशी वादक एकाच वेळी हॉलमध्ये बसत. गायकही तिथेच. आधी तालमी, मग 'टेक'. सगळ्यांनी एकदमच वाजवायचे. शेवटच्या ओळीत एकाचा हात चुकला की सगळे गाणे पहिल्यापासून. मायक्रोफोन मोजके असत. म्हणून कोणाचा आवाज किती यायचा हे बसण्याच्या जागेवरून ठरे, ढोलक किती अंतरावर ठेवायचा, तबला कुठे, खंजिरी किती लांब. बाराव्या, पंधराव्या टेकलाही तालवाल्याच्या थापेत पहिल्या टेकचाच जोर लागे. व्हायोलिनवाले तीस असतील तर त्यांतला एक थकला तरी झाकून जाते. ढोलकवाला थकला की गाणे खाली बसते. त्यातून चामड्याचा स्वभाव वेगळा. पावसाळ्यात ते उतरते, थंड हवेच्या यंत्राखाली चढते. म्हणून हे लोक वेगवेगळ्या पट्टीचे ढोलक बरोबर घेऊन जात. आपल्याकडचे नटबोल्टची ढोलकी वाजविणारे खिशात पाना ठेवतात तो याचसाठी. फिटर आणि ढोलकीवाला यांच्या खिशात एकच हत्यार सापडावे, याची आम्हाला नेहमी गंमत वाटते.

अशा कामातून दत्तारामांनी एक चाल बसविली. घर कहरव्याचेच, पण ढोलकावर ती अशी उसळत जाते की बसल्या जागी मान हलते. १९५८च्या 'परवरिश'मधल्या 'मस्ती भरा है समां' या गाण्यात ती स्वच्छ ऐकू येते. मुंबईच्या तालवाल्यांनी तिला नाव दिले 'दत्ताराम ठेका'. पुढे रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये 'इथे दत्ताराम लावा' एवढे म्हटले की काम भागू लागले. हे नाव कोणत्या कंपनीने दिले नाही, सरकारने दिले नाही आणि वर्तमानपत्रानेही दिले नाही. शेजारी बसून वाजविणाऱ्यांनी दिले. आपल्या शॉपमध्ये एखाद्या जुन्या टर्नरने केलेल्या जिगला लोक त्याच्याच नावाने हाक मारतात. तो रिटायर होऊन जातो, नवीन पोरांना माणूस माहीत नसतो, पण जिगचे नाव तेच राहते. तशातली ही गोष्ट.

दत्ताराम स्वतः संगीतकारही झाले. १९५७चा 'अब दिल्ली दूर नहीं' हा राज कपूर यांच्या संस्थेचा चित्रपट त्यांना मिळाला. त्यातले 'चुन चुन करती आई चिड़िया' आजही बालवाडीत वाजते. 'परवरिश'चे संगीतही त्यांचेच, आणि त्यातले मुकेशचे 'आँसू भरी हैं' अनेकांनी तरुणपणी डोळे पुसत ऐकलेले आहे. पुढे 'कैदी नं. ९११', 'श्रीमान सत्यवादी', 'जिंदगी और ख्वाब'. गाणी चांगली होती, लोकांच्या ओठांवरही बसली. परंतु मोठे बॅनर काही आले नाहीत. हा सगळा काळ शंकर-जयकिशनकडचे तालाचे काम त्यांनी सोडले नव्हते. लोक म्हणतात, त्यांनी सहाय्यकपण सोडले असते तर मोठे संगीतकार झाले असते. आमचे मत वेगळे आहे. शिफ्टचे पैसे दर कामाला मिळतात. संगीतकाराचे नशीब चित्रपट चालण्यावर असते. घर चालविणारा माणूस काय निवडतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९७१ साली जयकिशन गेले, १९८७ साली शंकर गेले. दत्ताराम २००७ सालच्या ८ जूनला गेले. ज्या गाण्यांना त्यांनी स्वतः चाल दिली तिथे त्यांचे नाव आहे, आणि जिथे ताल दिला तिथे 'सहाय्यक' एवढा शब्द आहे. त्यांच्या हाताखाली तबला, ढोलक, खंजिरी घेऊन बसलेल्यांच्या वाट्याला तोही आला नाही.

ब्राझीलचा धागा आम्ही उगाच काढला नाही. तिकडची वाद्ये मुंबईत येऊन बसलेली आहेत. पारशी समाजातले कावस लॉर्ड यांनी बोंगो, काँगो, मराकस ही वाद्ये हिंदी गाण्यात रुळविली, आणि त्यांचे मुलगे केर्सी व बुर्जोर हेही ताफ्यात वाजविणारेच झाले. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांनी १९५१च्या 'अलबेला'त 'शोला जो भड़के'ला बोंगोचा तडका दिला. राहुलदेव बर्मन यांनी १९६६च्या 'पति पत्नी'त ब्राझीलचा बोसा नोव्हा हा ताल आणला. आणि एक वाद्य तर आपल्या अमृतराव काटकरांच्या नावालाच चिकटले आहे, रेसो-रेसो. लाकडाला किंवा बांबूला दातेरी खाचा पाडायच्या आणि त्यावरून काडी घासायची. खर्रक खर्रक असा आवाज. आपल्याकडे पोरे करवतीच्या पात्यावरून खिळा ओढतात तसा, फक्त तालात. ब्राझीलमध्ये त्याला रेको-रेको म्हणतात. मुंबईत 'को'चा 'सो' कसा झाला? इंग्रजी स्पेलिंगमधल्या 'सी'ने घोळ घातला असावा असा आमचा कयास. पंचमच्या गाण्यांतून तो खर्रक आवाज इतका ऐकलेला आहे की काढून टाकला तर गाणे उघडे पडेल. ऐकणाऱ्याला मात्र वाटते, असेल काहीतरी मशीन. मशीन नव्हे, काटकरांचा हात आहे.

पंचमच्या तालाच्या बाजूला मारुतीराव कीर होते. वडील सचिनदेव आणि मुलगा राहुलदेव अशा दोन पिढ्यांबरोबर त्यांनी काम केले. पाटीवर 'सहाय्यक' म्हणून बासू, मनोहारी, मारुती अशी नावे येत. दार्जिलिंगकडचे रणजित गजमेर मादल वाजवीत, होमी मुल्लन लहानसहान पन्नास वाद्ये सांभाळीत, फ्रँको वाझ ड्रम. जात, धर्म, भाषा सगळ्या वेगळ्या, आणि ताल एक. एवढ्या लोकांची मजुरी शिफ्टवर ठरे. वादकांची संघटना होती, तिने वादकांचे दर्जे लावले होते आणि दर्जाप्रमाणे दर. पैसे बहुधा रोख हातात. एकदा हातात पडले की त्या गाण्याशी संबंध संपला. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजो, लग्नात वाजो, जाहिरातीत वाजो.

मराठीत 'ठेका' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक तबल्यावरचा, दुसरा कंत्राटाचा. आपल्या पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात दुसरा अर्थच जास्त चालतो. गेटपासवर ठेकेदाराचे नाव, मस्टर ठेकेदाराचे, आणि तयार गाडीवर बॅज तिसऱ्याचाच. भोसरीच्या शेडमध्ये ज्याने बुश टर्न केली त्याला ती गाडी रस्त्यावर दिसली तर तो मुलाला सांगतो, 'हिच्यात माझा माल आहे.' मुलगा हसतो. तालवाल्यांच्या घरातही हेच होत असणार. रेडिओ लागला की बाप म्हणणार, हा माझा हात. त्याला पुरावा काय?

पुढे मशीन आले. १९८५ साली ऑक्टोपॅड बाजारात आला, ताल भरून ठेवणारी यंत्रे आली, कीबोर्ड आले. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पन्नास-साठ जणांनी एकत्र बसून गाणे करायची पद्धत मुंबईतून जवळजवळ गेली. ज्यांनी आपल्या शॉपमध्ये साध्या लेथच्या रांगेच्या जागी सीएनसी आलेले पाहिले, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. यंत्राला आमचा विरोध नाही. जयंतीच्या स्टेजवर ऑक्टोपॅड वाजला की आम्हीही टाळी देतो. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. कीबोर्डचे बटण दाबले की जो ढोलक वाजतो, तोही कोणीतरी आधी हाताने वाजवून भरलेला असतो. एकदाच वाजविला, एकदाच पैसे घेतले, आणि आता तो हजार गाण्यांत वाजतो. त्या हाताचे नाव तर तालवाल्यांच्या तोंडीही उरलेले नाही. लाला गंगावणे यांच्या काळात निदान शेजारी बसलेला साक्षीदार होता.

ही नावे गोळा करायला कोण आले, तर न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाचे प्राध्यापक ग्रेगरी बूथ. त्यांनी मुंबईच्या म्हाताऱ्या वादकांच्या घरी बसून मुलाखती घेतल्या आणि २००८ साली इंग्रजीत पुस्तक काढले. लॉर्ड कुटुंबावर 'द ह्यूमन फॅक्टर' हा माहितीपट निघाला. पुण्यात पंचमच्या गाण्यांवर प्रेम करणाऱ्या 'पंचममॅजिक'च्या मंडळींनी त्या वादकांना स्टेजवर बोलावून नावानिशी लोकांपुढे उभे केले. कोणी रेसो-रेसो हातात घेऊन दोन-चार घर्षणे केली की सभागृह उठून उभे राही. आयुष्यभर हॉलच्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाने ते पाहिले. उशिरा का होईना, पाहिले.

आता कायद्याचे. कंटाळू नका, हे घरातल्या पोरांच्या कामाचे आहे. कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गाणाऱ्या-वाजविणाऱ्याला कलावंत म्हणून हक्क मिळाले. २०१२च्या दुरुस्तीने ते वाढले. कला धंद्यासाठी वापरली तर रॉयल्टीचा हक्क आला, आणि 'हे मी वाजविले आहे, माझे नाव घाला' असे म्हणण्याचाही आला. परंतु त्याच दुरुस्तीत चित्रपटापुरती एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रसंगापुरते असेल, आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव नामावलीत किंवा अन्यत्र कुठेही दिले जात नसेल, त्याला कलावंत धरायचे नाही. कोणी त्याच्या कलेची मोडतोड करून बदनामी केली तर तेवढ्यापुरती दाद मागता येते, बाकी नाही. म्हणजे आधी रिवाजाने नाव गाळायचे, आणि मग नाव नाही म्हणून हक्क नाही. 'घर आया मेरा परदेसी'मधला ढोलक किरकोळ आहे काय, हे न्यायाधीश ठरवतील तेव्हा ठरवोत. कान असलेल्या कोणत्याही माणसाने ते कधीच ठरविले आहे.

मात्र ही मेख चित्रपटासाठी आहे. चित्रपटाबाहेरच्या रेकॉर्डिंगला ती लागत नाही, आणि आपली गाणी बहुतेक तिथलीच. हा मजकूर लिहिताना आम्ही घरातल्या भीमगीतांच्या जुन्या कॅसेटी काढून कव्हरे वाचली. कवी आहे, गायक आहे, संगीत आहे, कंपनीचा पत्ता आहे, निर्मात्याचा फोटोसुद्धा आहे. ढोलकी कोणाची, हे एका कॅसेटवर सापडले. ढोलकी काढून घ्या आणि मग ते गाणे म्हणून दाखवा. दुसऱ्यांना बोलायचे तर आधी आपल्या घरचे कव्हर नीट करावे लागेल.

आपल्या वस्तीतली कितीतरी पोरे दिवसा कंपनीत पाळी करतात आणि रात्री गायन पार्टीत ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड वाजवितात. हल्ली रेकॉर्डिंगही खोलीएवढ्या स्टुडिओत होते आणि गाणे दुसऱ्या दिवशी मोबाइलवर येते. त्यांना आमचे सांगणे एवढेच. रेकॉर्डिंगला जाताना एक साधा कागद न्या. गाण्याचे नाव, तारीख, स्टुडिओ, काय वाजविले, किती पैसे घेतले, आणि नाव कसे छापायचे, हे त्यावर लिहा. गाणे काढणाऱ्याची सही घ्या. सही देताना कोणी कुरकुरला तर तेही लिहून ठेवा. घरातल्या बायकांना आम्ही विशेष सांगतो, तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, पोरांच्या खिशात राहायचा नाही. आणि पार्टीच्या म्होरक्यांनी शेवटचे गाणे संपल्यावर, लोक उठायच्या आत, वाजविणाऱ्यांची नावे आडनावासकट माइकवर घ्यावीत. दोन मिनिटे लागतात.